माणसे जोडण्याचे कौशल्य : बोलण्याइतकेच ऐकण्याचे

नोकरीच्या जाहिरातीत शैक्षणिक पात्रता आणि अनुभव यांच्या खालोखाल एक ओळ हमखास असते : उमेदवाराकडे उत्तम संवादकौशल्य असावे. या ओळीचा अर्थ प्रत्येक उमेदवार आपापल्या परीने लावतो. कुणी इंग्रजी संभाषणाच्या वर्गाला नाव घालतो, कुणी आरशासमोर उभा राहून मुलाखतीचा सराव करतो, तर कुणी व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात हस्तांदोलन कसे करावे हे शिकून येतो. यथावकाश नोकरी मिळते. दोन-तीन वर्षे जातात आणि वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी वरिष्ठ सांगतात, ‘तुमचे काम उत्तम आहे, पण तुमच्याबरोबर काम करायला लोक कचरतात.’ बोलण्यात सफाई असलेल्या माणसालाही हे ऐकावे लागते, तेव्हा नेमके कुठे चुकले हे त्याला उमगत नाही.

बोलणाऱ्याचे कुळीथही विकले जातात आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, अशा अर्थाची म्हण आपल्याकडे आहे. ती खोटी नाही. परंतु ती बाजारातील एका दिवसाच्या विक्रीची गोष्ट सांगते. कार्यालयात आणि घरात तीच माणसे रोज समोर असतात. तेथे आपण किती छान बोलतो यापेक्षा समोरची व्यक्ती आपल्याला काय सांगू शकते, याला अधिक महत्त्व असते. चूक झाली तर ती आपल्यापर्यंत येते की आपल्यापासून लपवली जाते? न पटलेली गोष्ट आपल्या तोंडावर सांगितली जाते की आपल्या पाठीमागे बोलली जाते? आंतरव्यक्ती कौशल्यांची खरी कसोटी या प्रश्नांच्या उत्तरांत आहे.

आंतरव्यक्ती कौशल्ये म्हणजे काय?

दोन किंवा अधिक माणसे एकमेकांशी व्यवहार करताना जी कौशल्ये वापरतात, त्यांना आंतरव्यक्ती कौशल्ये म्हणतात. लक्षपूर्वक ऐकणे, आपले म्हणणे स्पष्ट मांडणे, दुसऱ्याची मन:स्थिती ओळखणे, मतभेद हाताळणे, नकार देणे आणि नकार पचवणे या साऱ्यांचा त्यांत समावेश होतो. कार्यालयीन भाषेत त्यांना ‘सॉफ्ट स्किल्स’ म्हटले जाते. हा शब्दप्रयोग अमेरिकी लष्कराच्या प्रशिक्षण विभागातून रूढ झाला आणि त्यावर १९७२ मध्ये तेथे एक परिषदही झाली. यंत्रांशी संबंधित ती ‘हार्ड’ आणि माणसांशी संबंधित ती ‘सॉफ्ट’, असा तो ढोबळ भेद होता. या शब्दामुळे ही कौशल्ये दुय्यम किंवा सोपी आहेत, असा समज मात्र विनाकारण पसरला.

विषय जुनाच आहे. समर्थ रामदासांच्या ‘दासबोधा’तील दुसऱ्या दशकात ‘मूर्खलक्षण’ आणि ‘उत्तमलक्षण’ असे दोन समास लागोपाठ येतात. लोकांत कसे वागावे आणि कसे वागू नये, याची त्यांत यादीच आहे. आधुनिक काळात या विषयाचे वर्ग लोकप्रिय करण्याचे श्रेय डेल कार्नेगी यांच्याकडे जाते. त्यांनी १९१२ मध्ये न्यूयॉर्कमधील ‘वायएमसीए’त भाषणकलेचे वर्ग सुरू केले आणि १९३६ मध्ये ‘हाऊ टू विन फ्रेंड्स अँड इन्फ्लुएन्स पीपल’ हे पुस्तक लिहिले. पुढे मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन यांनी १९५७ मध्ये ‘अॅक्टिव्ह लिसनिंग’ ही छोटी पुस्तिका लिहून ऐकण्याच्या क्रियेला शास्त्रशुद्ध रूप दिले. तथापि ही कौशल्ये शिष्टाचारापुरती नाहीत, त्यांच्या अभावी जीवही जाऊ शकतात, हे उद्योगजगताला प्रथम प्रकर्षाने जाणवले ते विमानाच्या कॉकपिटमध्ये.

धुक्यातील एक प्रश्न

२७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांपैकी टेनेरिफ येथील लॉस रोदेओस विमानतळावर दाट धुके पसरले होते. केएलएम आणि पॅन अॅम या कंपन्यांची दोन जम्बो जेट विमाने एकाच धावपट्टीवर होती. केएलएमच्या विमानाचे कप्तान हे कंपनीतील अत्यंत ज्येष्ठ आणि प्रशिक्षक म्हणून नावाजलेले वैमानिक होते. नियंत्रण कक्षाची स्पष्ट परवानगी मिळण्यापूर्वीच त्यांनी उड्डाणासाठी विमान पुढे काढले. त्याच वेळी फ्लाइट इंजिनिअरने शंका विचारली, की पॅन अॅमचे विमान धावपट्टीवरून बाजूला झालेले नाही का? कप्तानांनी ते बाजूला झाले असल्याचे ठामपणे सांगितले. प्रश्न पुन्हा विचारला गेला नाही. काही क्षणांतच दोन्ही विमानांची टक्कर होऊन ५८३ जणांचा मृत्यू झाला. धुके, रेडिओवरील एकाच वेळी झालेले दोन संदेश, संदिग्ध शब्दयोजना अशी अनेक कारणे या अपघातामागे होती. पण शंका मनात आलेली व्यक्ती कॉकपिटमध्येच बसलेली होती, ही बाब विसरता येण्याजोगी नव्हती.

पुढच्याच वर्षी, २८ डिसेंबर १९७८ रोजी, अमेरिकेतील पोर्टलंड शहराजवळ युनायटेड एअरलाइन्सचे विमान कोसळले. चाके नीट उघडली आहेत किंवा नाहीत, या एकाच विवंचनेत कप्तान सुमारे तासभर विमान आकाशात फिरवत राहिले. इंधन संपत आल्याचे सहकारी सुचवत होते. परंतु ते आडून सुचवत होते, ठासून सांगत नव्हते. अखेर इंधन संपले. विमानातील १८९ जणांपैकी १० जणांनी प्राण गमावले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने या अपघातानंतर दोन गोष्टींवर भर दिला. कप्तानांना सहकाऱ्यांना सहभागी करून घेण्याचे शिक्षण द्यावे आणि इतर कर्मचाऱ्यांना ठामपणे बोलण्याचे.

‘नासा’ने १९७९ मध्ये या विषयावर कार्यशाळा घेतली आणि १९८१ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने तसे प्रशिक्षण सुरू केले. ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ या नावाने ते आज जगभरच्या, भारतातल्याही, विमानसेवांमध्ये सक्तीचे आहे. त्यातील मूळ विचार साधा आहे. अधिकारी कितीही अनुभवी असला तरी त्याला सर्व काही दिसत नाही. कनिष्ठाला दिसलेली गोष्ट वरिष्ठापर्यंत पोहोचणे ही दोघांचीही जबाबदारी आहे. एकाने ती नि:संदिग्धपणे सांगायची आणि दुसऱ्याने ती सांगता येईल असे वातावरण ठेवायचे.

शस्त्रक्रियागृहापासून कार्यालयापर्यंत

विमानक्षेत्रातील हा धडा रुग्णालयांनीही घेतला. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासणी यादी जाहीर केली. रुग्णाची ओळख, शस्त्रक्रियेची जागा, प्रतिजैविके अशा तांत्रिक बाबींबरोबरच चमूतील प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगून ओळख करून दिली आहे ना, हाही त्यात एक मुद्दा आहे. ज्याने सुरुवातीला एकदा तोंड उघडले आहे, त्याला पुढे धोका दिसल्यास बोलणे सोपे जाते, असा त्यामागचा अनुभव आहे. नवी दिल्लीसह जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत ही यादी वापरून पाहण्यात आली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर, तर गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. याचे सारे श्रेय ओळख करून देण्याला नाही, हे उघड आहे. पण ओळख हा त्या शिस्तीचा भाग मानला गेला, हे लक्षणीय आहे. भारतातही २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमूल्ये आणि संवाद या विषयाचा स्वतंत्र घटक समाविष्ट झाला आहे.

हार्वर्ड विद्यापीठातील प्रा. एमी एडमंडसन यांना १९९० च्या दशकात रुग्णालयांचा अभ्यास करताना एक कोडे पडले. ज्या विभागांतील कर्मचाऱ्यांचे परस्परसंबंध उत्तम होते, त्याच विभागांत औषधे देताना झालेल्या चुकांची नोंद अधिक होती. चांगले विभाग जास्त चुका करत होते काय? बारकाईने पाहिल्यावर उलगडा झाला, की त्या विभागांत चुका लपवल्या जात नव्हत्या. चूक कबूल केली, प्रश्न विचारला किंवा वेगळे मत मांडले तरी आपला अपमान होणार नाही, या सामायिक विश्वासाला त्यांनी १९९९ मधील शोधनिबंधात ‘मानसशास्त्रीय सुरक्षितता’ म्हटले. पुढे ‘गुगल’ने २०१२ मध्ये उत्तम चमू कशामुळे घडतात याचा शोध घेण्यासाठी ‘प्रोजेक्ट अॅरिस्टॉटल’ हाती घेतला. १८० हून अधिक चमूंच्या अभ्यासातून चमूत कोण आहे यापेक्षा ते एकमेकांशी कसे वागतात हे अधिक निर्णायक ठरले आणि त्यातही मानसशास्त्रीय सुरक्षितता सर्वांत महत्त्वाची असल्याचे दिसले.

कारकिर्दीच्या दृष्टीनेही या कौशल्यांचे मोल वाढले आहे. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड डेमिंग यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९८० ते २०१२ या काळात अमेरिकेतील एकूण रोजगारात माणसांशी सातत्याने संबंध येणाऱ्या नोकऱ्यांचा वाटा जवळपास १२ टक्केबिंदूंनी वाढला. गणिती बुद्धी आणि सामाजिक कौशल्य ही दोन्ही लागणाऱ्या कामांना विशेष चांगले दिवस आले. ठरावीक साच्याचे काम यंत्राकडे सोपवता येते; ऐन वेळी दुसऱ्याचे म्हणणे समजून घेऊन आपले काम बदलणे यंत्राला अवघड जाते, असे त्यामागचे कारण सांगितले जाते.

ऐकावे कसे?

ऐकणे म्हणजे गप्प राहणे नव्हे. समोरचा बोलत असताना आपण बहुतेक वेळा आपले उत्तर जुळवत असतो. त्याचे वाक्य संपण्यापूर्वीच आपला सल्ला तयार असतो. रॉजर्स यांनी सुचवलेली पद्धत याच्या उलट आहे. प्रथम समोरच्याचे म्हणणे त्याच्या बाजूने समजून घ्यायचे, ते आपल्या शब्दांत त्याला परत सांगायचे आणि ‘मला बरोबर कळले ना?’ असे विचारायचे. त्याने होकार दिल्यानंतरच आपले मत मांडायचे.

समजा, एखादी सहकारी म्हणते, ‘या प्रकल्पात माझे नाव कुठेच येत नाही.’ यावर ‘अहो, एवढे मनाला लावून घेऊ नका’ असे म्हणणे सोपे असते. त्यात धीर देण्याचा हेतू असला तरी त्या सहकारीला दार बंद झाल्यासारखे वाटते. त्याऐवजी ‘तुम्ही केलेल्या कामाची दखल घेतली गेली नाही, असे तुम्हाला वाटते. नेमके कोणत्या वेळी असे झाले?’ असे विचारले, तर तक्रारीमागची वस्तुस्थिती पुढे येते. कदाचित तिच्या अहवालावर दुसऱ्याचे नाव गेलेले असते. कदाचित साधा गैरसमज असतो. दोन्ही प्रकारांत उपाय निघू शकतो.

येथे एक पथ्य पाळावे. दुसऱ्याचे म्हणणे समजले याचा अर्थ ते मान्य केले असा होत नाही. अनेक वरिष्ठ ऐकून घेण्याचे टाळतात ते याच भीतीने, की ऐकले म्हणजे कबूल करावे लागेल. ‘तुमचा मुद्दा माझ्या लक्षात आला, निर्णय मात्र वेगळा घ्यावा लागत आहे आणि त्याची कारणे अशी आहेत’ असे सांगणारा वरिष्ठ नकार देऊनही विश्वास टिकवतो.

नकोशी गोष्ट सांगावी कशी?

मराठी माणूस परखड म्हणून ओळखला जातो. प्रत्यक्षात हा परखडपणा बरोबरीच्या माणसांत आणि कट्ट्यावर अधिक दिसतो. साहेबांसमोर आपली भाषा एकदम नरम होते. ‘शुक्रवार जरा घाईचा नाही का होणार?’ असे आपण पुटपुटतो, साहेब ‘होऊन जाईल’ म्हणतात आणि विषय तेथेच संपतो. पोर्टलंडच्या विमानात हेच घडले होते.

वैमानिकांना यासाठी पाच पायऱ्यांचे सूत्र शिकवले जाते. लक्ष वेधून घेणे, काळजी व्यक्त करणे, वस्तुस्थिती सांगणे, उपाय सुचवणे आणि समोरच्याची संमती विचारणे, अशा त्या पायऱ्या आहेत. कार्यालयात याचे रूप असे होईल : ‘सर, दोन मिनिटे हवी होती. मला शुक्रवारच्या तारखेची काळजी वाटते. चाचणीचे निम्मे काम अजून शिल्लक आहे. सोमवारपर्यंत मुदत मागून घ्यावी किंवा आणखी दोन माणसे द्यावीत, असे सुचवतो. आपल्याला काय वाटते?’ या बोलण्यात उद्धटपणा नाही आणि संदिग्धताही नाही. आदर संबोधनात आहे आणि स्पष्टपणा माहितीत आहे. या दोहोंची गल्लत केली की माणूस एक तर मिंधा वाटतो किंवा उर्मट.

बरोबरीच्या सहकाऱ्याला किंवा घरातील व्यक्तीला खटकलेली गोष्ट सांगताना थॉमस गॉर्डन या मानसशास्त्रज्ञाने रूढ केलेली ‘मी-वाक्ये’ उपयोगी पडतात. गॉर्डन यांनी १९६२ मध्ये पालकांसाठी प्रशिक्षणवर्ग सुरू केले होते. ‘तू बेजबाबदार आहेस’ हे ‘तू-वाक्य’ माणसाच्या स्वभावावर शिक्का मारते आणि तो लगेच बचावाच्या पवित्र्यात जातो. ‘बैठकीची वेळ बदलल्याचे मला कळले नाही, त्यामुळे ग्राहकासमोर माझी तयारी अपुरी पडली’ या ‘मी-वाक्या’त घटना आहे, परिणाम आहे आणि आरोप नाही. मात्र ‘मला वाटते की तू बेजबाबदार आहेस’ हे ‘मी’ने सुरू झालेले असले तरी तू-वाक्यच आहे, हे ध्यानात ठेवावे.

वरिष्ठांच्या बाबतीत आणखी एक सूचना करावीशी वाटते. ‘कुणाला काही शंका आहे का?’ या प्रश्नावर बैठकीत सहसा शांतताच पसरते. ‘या योजनेत कोणती गोष्ट बिघडू शकेल? प्रत्येकाने एकेक सांगा’ असे विचारले आणि सर्वांत कनिष्ठ व्यक्तीपासून सुरुवात केली, तर उत्तरे येतात. साहेब आधी बोलले की त्यांच्या मताला माना डोलावणे एवढेच काम उरते.

राग आणि अपेक्षा

अनेकांना हे सारे पटते, पण रागाच्या भरात काहीच आठवत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून विकसित केलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती येथे मदतीला येते. ठाण्यात १९९० मध्ये ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था सुरू करणारे मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी आपल्या लेखनातून आणि व्याख्यानांतून ही पद्धत मराठी वाचकांपर्यंत पोहोचवली आहे.

एलिस यांचे म्हणणे असे, की आपल्याला अस्वस्थ करते ती घटना कमी आणि तिच्याविषयीचा आपला हट्टी विचार अधिक. ‘सहकाऱ्यांनी माझ्याशी नीट वागलेच पाहिजे’ हा हट्ट आहे. ‘त्यांनी नीट वागावे, अशी माझी तीव्र इच्छा आहे, ते तसे वागले नाहीत तर मला वाईट वाटेल आणि मी त्यांच्याशी बोलेन’ ही इच्छा आहे. हट्टातून संताप येतो, इच्छेतून नाराजी येते. संतापलेला माणूस भांडतो किंवा अबोला धरतो. नाराज माणूस बोलू शकतो. रागाच्या क्षणी ‘हे असेच झाले पाहिजे, असे मी का धरून बसलो आहे?’ एवढा एक प्रश्न स्वत:ला विचारता आला तरी पुढचे वाक्य बदलते.

घरातही हीच परीक्षा

कार्यालयात दिवसभर सबुरीने वागणारी माणसे घरी आल्यावर मात्र तोंडाला येईल ते बोलतात. घरची माणसे समजून घेतील, हे आपण गृहीत धरतो. वॉशिंग्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी अनेक दशके जोडप्यांच्या संभाषणांचे चित्रीकरण करून अभ्यास केला. टीका, तुच्छता, सतत बचाव आणि संवाद बंद करणे हे चार प्रकार नात्याला सर्वाधिक घातक असल्याचे त्यांनी दाखवून दिले. त्यांत तुच्छता सर्वांत विषारी. डोळे फिरवणे, नक्कल करणे, माहेर-सासरचा उद्धार करणे ही तुच्छतेचीच रूपे आहेत. टिकणाऱ्या संसारांत भांडण होत नाही, असे नाही. मात्र भांडतानाही एका कडवट प्रसंगामागे पाच बऱ्या गोष्टी घडत असतात, असे त्यांना आढळले.

गॉटमन यांचे आणखी एक निरीक्षण मोलाचे आहे. संसारात माणसे एकमेकांना सतत लहानसहान हाका देत असतात. ‘बघ ना, किती ढग भरून आले आहेत’ हे हवामानाविषयीचे विधान नसते; ‘क्षणभर माझ्याकडे बघ’ अशी ती विनंती असते. मोबाइलवरून नजर न उचलता ‘हं’ म्हणणे हेही एक उत्तरच आहे. सहा वर्षे पाठपुरावा केलेल्या नवविवाहितांपैकी ज्यांचा संसार टिकला त्यांनी अशा हाकांना ८६ टक्के वेळा प्रतिसाद दिला होता. ज्यांचा घटस्फोट झाला त्यांनी केवळ ३३ टक्के वेळा.

नात्यांचा हा परिणाम शरीरापर्यंत पोहोचतो. हार्वर्ड विद्यापीठात १९३८ मध्ये सुरू झालेल्या दीर्घकालीन अभ्यासात ७२४ पुरुषांचे आयुष्य नोंदवले गेले. त्यांत विद्यापीठातील विद्यार्थी होते, तसेच बोस्टनच्या गरीब वस्त्यांतील मुलेही होती. या अभ्यासाचे संचालक रॉबर्ट वॉल्डिंगर यांनी सांगितल्यानुसार, वयाच्या पन्नाशीत कोलेस्टेरॉल किती होते यापेक्षा नात्यांत किती समाधान होते, यावरून ऐंशीव्या वर्षीच्या प्रकृतीचा अंदाज अधिक चांगला बांधता आला. कारकिर्दीसाठी घरच्या माणसांना ‘नंतर बोलू’ म्हणणाऱ्यांनी हा निष्कर्ष लक्षात ठेवण्याजोगा आहे.

काही गैरसमज

प्रशिक्षणवर्गांत एक आकडा हटकून सांगितला जातो. संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ टक्के आणि देहबोलीचा ५५ टक्के असतो म्हणे. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधील प्रयोगांतून आले. मात्र शब्द आणि चेहरा यांत विसंगती असताना समोरच्याच्या भावनेविषयी ऐकणारा कशावर विश्वास ठेवतो, एवढ्यापुरतेच ते प्रयोग होते. सर्व संवादाला ते लागू नाहीत, असे स्वत: मेहराबियन यांनीही स्पष्ट केले आहे. देहबोलीला महत्त्व आहेच. पण विषयाची तयारी न करता केवळ हातवाऱ्यांचा सराव करणाऱ्या उमेदवाराला तिचा उपयोग होणार नाही.

दुसरा गैरसमज लेखी संदेशांबाबतचा आहे. आपल्या थट्टेचा सूर वाचणाऱ्याला कळेलच, असे ई-मेल लिहिणाऱ्याला वाटते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हा अंदाज मोठ्या प्रमाणावर चुकल्याचे दिसले. व्हॉट्सअॅपच्या कार्यालयीन गटांवर तर दररोज याचा प्रत्यय येतो. कौतुक गटावर करावे. चूक दाखवायची असेल तर फोन उचलावा किंवा समोरासमोर बोलावे.

तिसरा गैरसमज अधिक गंभीर आहे. संवादकौशल्य असले की कोणाशीही जमवून घेता येते, असे मानले जाते. तसे नाही. अन्याय, छळ किंवा अपमान होत असेल तेथे गोड बोलून निभावणे हे कौशल्य नव्हे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या महिलांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे आणि दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. अशा वेळी तक्रार करणे हाच योग्य संवाद होय.

सराव कसा करावा?

पोहणे पुस्तक वाचून येत नाही, तसेच हेही. रोजच्या व्यवहारात पुढील गोष्टींपासून सुरुवात करता येईल.

१. दिवसातून एका संभाषणात तरी समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत परत सांगून खात्री करून घ्यावी आणि मगच आपले मत द्यावे.

२. बैठकीत कोण किती बोलले याकडे लक्ष द्यावे. गप्प राहिलेल्या व्यक्तीला नावाने मत विचारावे.

३. न पटलेली गोष्ट सांगण्यापूर्वी ती कागदावर लिहावी. ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘सगळे’ हे शब्द खोडावेत आणि त्यांच्या जागी प्रत्यक्ष घडलेला प्रसंग लिहावा.

४. चूक कळवणाऱ्याचे प्रथम आभार मानावेत, चौकशी नंतर करावी. पहिल्याच वेळी ओरडा बसला तर दुसऱ्या वेळी बातमी येत नाही.

५. आपली चूक झाली असेल तर ती आपणच आधी सांगावी. माफी मागताना ‘पण’ हा शब्द टाळावा.

६. मुलाखतीत ‘माझे संवादकौशल्य उत्तम आहे’ असे सांगण्याऐवजी एखादा मतभेद कसा मिटवला, हे एका खऱ्या प्रसंगाच्या आधारे सांगावे. त्यातील आपली चूकही मान्य करता आली तर अधिक चांगले.

७. घरी आल्यावर पहिली दहा मिनिटे मोबाइल बाजूला ठेवावा.

हे बदल एका आठवड्यात दिसत नाहीत. ज्यांना आजवर आपल्याशी मोकळेपणाने बोलता आले नाही, ती माणसे आपल्यातला बदल खरा आहे की शिबिरापुरता, हे आधी पारखून घेतात. कधी तरी एखादा कनिष्ठ सहकारी दारात घुटमळत ‘सर, एक सांगू का?’ असे विचारतो, किंवा मुलगी आपल्या कमी गुणांची बातमी दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी स्वत: येऊन सांगते. टेनेरिफच्या कॉकपिटमध्ये विचारला गेलेला प्रश्न एका ठाम उत्तराने संपला होता. आपल्या दारात असा प्रश्न आला, तर हातातले काम बाजूला ठेवावे आणि त्यांचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.